सेप्टिक टँकचा ठेकेदार कसा निवडावा? झाकण बसण्याआधी विचारायचे प्रश्न



धम्मचक्र प्रवर्तन दिन आटोपला, पावसाने पाठ फिरवली, की आपल्या वस्त्यांत बांधकामं सुरू होतात. कुणाला घरकुलाचा हप्ता मिळालेला असतो, कुणी बचत गटातून कर्ज उचललेलं असतं. घरात सून येणार असते, मुलगी मोठी झालेली असते, म्हातारीला रात्री बाहेर जाववत नसतं. म्हणून संडास आधी बांधायचा ठरतो. टाइल्स कोणत्या रंगाच्या, दार लोखंडी की फायबरचं, यावर घरात चार दिवस बोलणं चालतं. खाली जमिनीत जी टाकी बसणार, तिच्याबद्दल मात्र एकच वाक्य निघतं : "ते ठेकेदार पाहून घेईल."

हेच वाक्य आम्हीही बोललो होतो. ती गोष्ट आधी सांगतो.

आमच्या घरची टाकी

तेव्हा आम्ही रुग्णालयात नर्स होतो. कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. घराचं काम ओळखीच्या एका ठेकेदाराला दिलं. माणूस आपल्यातलाच, विहाराच्या वर्गणीत पुढे, भेटला की मोठ्याने जयभीम घालणारा. आपल्या माणसाकडे कागद काय मागायचा, म्हणून कागद केला नाही. तो म्हणाला, "सिस्टर, अशी टाकी देतो की वीस वर्षं उघडून पाहावी लागणार नाही." एक दिवस ड्युटीवरून परत आलो तर टाकीवर झाकण बसून वर फरशीसुद्धा लागली होती. आम्ही राहिलेले पैसे चुकते केले आणि चहा पाजून त्याला निरोप दिला.

टाकी खरोखरच भरली नाही. चार वर्षं आम्ही हे शेजारणींना कौतुकाने सांगत होतो. पाचव्या पावसाळ्यात मागच्या गल्लीत कावीळ आली. ज्या घरांत आजारी माणसं निघाली ती सगळी एकाच हातपंपाचं पाणी पिणारी. त्यातली एक गरोदर सून आमच्याच वॉर्डात दाखल झाली. ती वाचली, तिचं बाळ वाचलं नाही.

हातपंपाच्या पाण्याचा नमुना तपासला तेव्हा त्यात मैल्याचे जंतू निघाले. मग आम्ही घरची फरशी फोडून टाकी उघडायला लावली. टाकीला तळच नव्हता. चार भिंती आणि खाली माती. वीस वर्षं न भरण्याचं गुपित ते होतं. आमच्या घरचा मैला पाच वर्षं सरळ जमिनीत जात होता, आणि हातपंप तिथून चाळीस फुटांवर होता. त्या गल्लीत अशा टाक्या आणखीही होत्या, त्यामुळे ती कावीळ आमच्याच टाकीने आणली असं छातीठोक सांगता येणार नाही. पण नाही आणली असंही आम्हाला म्हणता येत नाही.

जयभीम ही आपली ओळख आहे, कामाची पावती नाही. ठेकेदार आपला असो की परका, भरवसा त्याच्या बोलण्यावर ठेवू नये. तो काय दाखवतो, काय लिहून देतो आणि झाकण बसण्याआधी काय तपासू देतो, यावर ठेवावा. कसं तपासायचं ते आता पाहू.

टाकी नेमकं काय करते

ज्याला काम समजत नाही त्याला फसवणं सोपं असतं. म्हणून आधी टाकीचं काम समजून घ्या.

सेप्टिक टँक ही तळासकट सर्व बाजूंनी पक्की, न गळणारी पेटी असते. संडासातून आलेला मैला तिच्यात शांत पडून राहतो. जड भाग गाळ होऊन खाली बसतो, हलका भाग साय धरल्यासारखा वर तरंगतो, आणि मधलं पाणी दुसऱ्या तोंडाच्या पाइपातून बाहेर जातं. ते पाणी डोळ्यांना बरं दिसलं तरी त्यात जंतू आणि जंतांची अंडी असतात. म्हणून ते उघड्या नालीत सोडायचं नसतं. शोषखड्ड्यात किंवा नगरपालिकेच्या बंद गटारात सोडायचं असतं.

यातून दोन गोष्टी निघतात. चालू टाकीत पाणी नेहमी बाहेरच्या पाइपाच्या तोंडापर्यंत असलंच पाहिजे. आणि खालचा गाळ दोन-तीन वर्षांनी उपसावाच लागतो. "कधी भरतच नाही" अशी टाकी चांगली नसते, ती गळकी असते. ठेकेदार हे वाक्य बढाईने बोलला तर तिथेच सावध व्हा.

गळक्या टाकीतून काय बाहेर पडतं, हे आम्ही वॉर्डात पाहिलं आहे : हगवण, गॅस्ट्रो, विषमज्वर, कावीळ. पाण्यातून पसरणाऱ्या काविळीचे ए आणि ई असे दोन प्रकार आहेत. त्यातली ई ही गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, जीवघेणी ठरू शकते.

पहिला प्रश्न : ही टाकी रिकामी कशी करणार?

ठेकेदार दारात आला की दर विचारण्याआधी हा प्रश्न विचारा. "दादा, ही टाकी भरल्यावर कोण उपसणार, आणि कशी?"

चांगला ठेकेदार विचारेल, "ताई, गाडी कुठपर्यंत येते?" तो गल्लीच्या तोंडापासून टाकीच्या जागेपर्यंत टेप लावेल. मैला ओढणाऱ्या गाडीचा पाइप तिथवर पोचेल का, हे पाहील. झाकणं कुठे ठेवायची ते सांगेल. तुम्ही स्वतःही नगरपालिकेच्या किंवा खासगी गाडीवाल्याला पाइप किती लांब आहे ते विचारून ठेवा. काही शहरांत अरुंद गल्लीत जाणाऱ्या लहान गाड्याही असतात.

दुसरा ठेकेदार म्हणेल, "त्याची काळजी नका करू, आपला पोरगा आहे, बादली घेऊन उतरतो, दोन तासांत साफ." या माणसाला चहा पाजून परत पाठवा. त्याचा दर कितीही कमी असू द्या.

टाकीत सडलेल्या मैल्यामुळे हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार होतो. तो थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. उतरलेल्या माणसाला वाटतं, वास गेला म्हणजे धोका गेला. पुढच्या काही श्वासांत तो कोसळतो. वरचा माणूस त्याला काढायला उतरतो, तोही कोसळतो. वर्तमानपत्रात "टाकीत गुदमरून तिघांचा मृत्यू" अशी बातमी वाचतो, त्यात दुसरा आणि तिसरा हे बहुतेक वेळा वाचवायला गेलेले असतात.

उतरणारा कोण असतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको. आपल्या आजोबा-पणजोबांनी गावकीची घाणीची कामं सोडली, मेलेली जनावरं ओढणं सोडलं. आपण पक्क्या घरात राहायला आल्यावर तेच काम दुसऱ्या कुणाच्या पोराकडून करून घेणार असू, तर सोडलं काय?

मैला उचलण्याच्या कामाला माणसं लावण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला. तो लागू झाला त्याच वर्षी ६ डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी. त्याच्या कलम ७ प्रमाणे सेप्टिक टँक किंवा गटाराच्या धोकादायक सफाईसाठी माणूस लावता येत नाही, थेट नाही आणि मध्यस्थामार्फतही नाही. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ही बंदी नगरपालिकेला आणि एजन्सीला आहे तशी कुणाही व्यक्तीला आहे. म्हणजे बोलावणारा घरमालकही त्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये ठरवली. २०१४ च्या निकालात ती १० लाख होती. पण भरपाई घेणाऱ्या घरातला माणूस परत येत नाही.

दुसरा प्रश्न : टाकी किती मोठी?

"दहा बाय दहाची देतो" म्हणणारा ठेकेदार तुमच्या सोयीसाठी बोलत नसतो. विटा-सिमेंट जास्त लागलं की बिल वाढतं. आणि "चार बाय तीनमध्ये बसवतो" म्हणणाराही नको. टाकीचं माप घरातल्या माणसांवरून ठरतं.

सेप्टिक टँकसाठी भारतीय मानक आहे, आयएस २४७०. त्याप्रमाणे पाच माणसांच्या घराला आतून दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि पाण्याची खोली एक मीटर एवढी टाकी पुरते. फुटांत सांगायचं तर सुमारे पाच फूट, अडीच फूट आणि सव्वातीन फूट. पाण्याच्या वर आणखी एक फूट मोकळी जागा. दहा माणसांना सुमारे साडेसहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि पाण्याची खोली तेवढीच, सव्वातीन फूट. ही मापं दर दोन वर्षांनी उपसा होईल असं धरून आहेत.

टाकी चौकोनी नसावी, लांबट असावी. आत आडवी भिंत घालून दोन कप्पे करावेत, पहिला कप्पा लांबीच्या दोन तृतीयांश. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाइपाला आतल्या बाजूने टी लावलेला असावा, नाहीतर वरची साय सरळ शोषखड्ड्यात जाऊन तो बुजतो. बाहेरचा पाइप आतल्या पाइपापेक्षा दोन इंच खाली असावा.

ठेकेदाराला कागदावर टाकीची आकृती काढायला सांगा. हाताने काढलेली चालेल. ज्याला दोन कप्पे आणि दोन टी काढता येत नाहीत, त्याने आजवर खड्डे बांधले आहेत, टाक्या नाहीत.

न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी टाकीत सोडू नका. त्याने गाळ बसायला वेळ मिळत नाही. त्याचा शोषखड्डा वेगळा करा.

तिसरा प्रश्न : पाणी कुठे जिरणार?

शोषखड्डा आणि विहीर किंवा हातपंप यांच्यात मानकाप्रमाणे १८ मीटर, म्हणजे साधारण साठ फूट अंतर हवं. विहीर आपली असो की शेजाऱ्याची, अंतर तेवढंच. चांगला ठेकेदार तुमच्या कुंपणाच्या आतच मोजून थांबत नाही. शेजारच्यांच्या अंगणातही डोकावतो.

आपल्या विदर्भात बऱ्याच ठिकाणी काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि पाणी पीत नाही. मग शोषखड्डा उलटा भरतो आणि संडास तुंबतो. म्हणून ज्या जागी शोषखड्डा होणार तिथे आधी फूटभर रुंदीचा खड्डा खणून त्यात पाणी ओता, रात्रभर मुरू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी ओतून पाहा. दिवसभर तसंच साचून राहिलं तर तिथे शोषखड्डा चालणार नाही. काळ्या मातीखाली मुरूम लागतो का ते पाहावं लागेल. "सगळं जिरतं, चिंता नको" असं न खणता सांगणाऱ्यावर विसंबू नका.

वस्ती दाट असेल, साठ फूट मिळतच नसतील, तर तो प्रश्न एका घराचा राहत नाही. आठ-दहा घरांनी मिळून बंद गटाराची मागणी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. तोवर हातपंपाचं पाणी तपासून घ्या. गावात ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नमुना घेतो. निकाल येईपर्यंत पाणी उकळून प्या.

चौथा प्रश्न : टाकीच हवी का?

हा प्रश्न ठेकेदार स्वतः कधी काढत नाही, कारण टाकीत त्याला पैसे जास्त सुटतात. पण जिथे जागा आहे, भूजल खोल आहे आणि गाडी मात्र येऊ शकत नाही, तिथे दोन शोषखड्ड्यांचा संडास बरा. दोन गोल खड्डे, एकमेकांपासून किमान तीन फूट दूर. मध्ये चेंबर. एका वेळी एकच खड्डा वापरायचा. तो भरला की चेंबरमधून बंद करून दुसरा सुरू करायचा. बंद खड्डा दोन वर्षं तसाच ठेवला की आतल्या मैल्याचं कोरडं, बिनवासाचं खत होतं. ते फावड्याने काढता येतं. विषारी वायूचा आणि कच्च्या मैल्याचा प्रश्न राहत नाही.

यातही फसवणूक होते. काही मिस्त्री दोन्ही खड्डे एकदम चालू करून देतात, मग दोन्ही एकदम भरतात. चेंबर उघडून एक तोंड बंद केलेलं आहे हे डोळ्यांनी पाहा.

झाकण बसण्याआधी पाहायच्या गोष्टी

आम्ही इथेच चुकलो होतो, म्हणून हे नीट वाचा. झाकण बसण्याच्या दिवशी घरातल्या एकाने तरी रजा टाकून थांबावं. एका दिवसाची मजुरी बुडेल, पण टाकी वाचेल.

तळ : खाली कॉन्क्रीटचा पक्का तळ ओतलेला हवा. ओतण्याच्या दिवशी मोबाइलवर फोटो काढा.

भिंती : नऊ इंची विटांच्या, आतून सिमेंटचं गिलावा. एकास तीन मिश्रण, म्हणजे एक घमेलं सिमेंटला तीन घमेली रेती. घमेली मोजताना उभे राहा, त्यात लाज कसली.

पाण्याची परीक्षा : टाकी बाहेरच्या पाइपापर्यंत पाण्याने भरा. पहिल्या दिवशी विटा पाणी पितात, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून कोळशाने खूण करा. चोवीस तासांनी पाहा. पाणी खुणेच्या खाली गेलं तर टाकी गळते. पाणी कुठून आणायचं म्हणून ठेकेदार कुरकुर करेल. धुण्याभांड्याचं पाणी साठवून वापरा, पण ही परीक्षा सोडू नका.

वरचा स्लॅब : ही गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते. स्लॅब टाकीवरच ओतला तर आतलं सेंट्रिंग काढायला काही दिवसांनी माणूस आत उतरवावा लागतो. बंद टाकीत साचलेलं पाणी आणि ओलं लाकूड यांमुळे प्राणवायू संपलेला असतो. टाकीत अजून मैलाही पडलेला नसतो, तरी माणूस मरतो. म्हणून स्लॅब जमिनीवर तुकड्या-तुकड्यांत ओतून, वाळल्यावर उचलून टाकीवर ठेवायला सांगा. हे ठेकेदाराने मान्य केलं पाहिजे, आणि कागदावर लिहूनही घ्या.

झाकणं : दोन्ही कप्प्यांवर एकेक, उचलता येणारं. त्यावर फरशी लावू नका, चूल किंवा पलंग ठेवू नका. लहान मुलाला हलवता येणार नाही एवढं जड असावं.

हवेचा पाइप : घराच्या छपरापेक्षा सहा-सात फूट उंच, आणि तोंडाला बारीक जाळी. या पाइपातून क्युलेक्स डास आत शिरून टाकीत अंडी घालतात. हाच डास हत्तीरोग पसरवतो, आणि आपल्या विदर्भातल्या अनेक जिल्ह्यांत हत्तीरोग आहे. जाळी फाटली तर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा दोरीने बांधा.

तयार प्लास्टिकची टाकी घेत असाल तर बाजूने माती भरताना आत पाणी भरलेलं असू द्या. रिकामी टाकी मातीच्या दाबाने चेपते आणि पावसाळ्यात खालच्या पाण्याने वरही उचलली जाते.

पैसे आणि कागद

ठेकेदाराने केलेली जुनी दोन कामं पाहायला जा. नवं काम पाहून उपयोग नाही, दोन-तीन वर्षांपूर्वीचं पाहा. त्या घरच्या बाईला विचारा, कारण संडास तुंबला की निस्तरावं तिलाच लागतं. "मावशी, पावसाळ्यात पाणी उलटं येतं का? वास येतो का? काम झाल्यावर बोलावलं तर हा माणूस आला का?" एवढे तीन प्रश्न पुरे.

मग साध्या कागदावर लिहून घ्या : टाकीचं माप, कप्पे दोन, तळ पक्का, भिंतीची जाडी, शोषखड्ड्याची जागा, साहित्य कुणाचं, काम किती दिवसांत, एकूण रक्कम, आणि एक वर्षात गळती निघाली तर फुकट दुरुस्ती. दोघांच्या सह्या आणि एक साक्षीदार. जो ठेकेदार कागद पाहून रागावतो, "बाई, भरवसा नाही का?" म्हणतो, त्याला शांतपणे सांगा, "दादा, भरवसा आहे म्हणूनच लिहितो. उद्या आपल्यात वाद नको."

आम्ही आता वस्तीत पैशांचे चार हप्ते ठरवायला सांगतो. इसार थोडा, पाचव्या भागाहून जास्त नाही. दुसरा हप्ता तळ आणि भिंती झाल्यावर. तिसरा पाण्याची परीक्षा पास झाल्यावर. शेवटचा पाचवा भाग महिनाभर संडास वापरल्यावर. प्रत्येक वेळी पावती घ्या किंवा फोनवरून पैसे पाठवा, म्हणजे नोंद राहते.

ग्रामीण भागात स्वच्छ भारत अभियानातून पात्र कुटुंबाला वैयक्तिक शौचालयासाठी १२,००० रुपये मिळतात. "अनुदान मीच काढून देतो, पासबुक आणि एटीएम कार्ड द्या" म्हणणाऱ्याला काहीही देऊ नका. ग्रामपंचायतीत स्वतः जाऊन विचारा.

ठेकेदाराने काम बिघडवलं आणि दाद देत नसेल तर तो ग्राहक कायद्याचा विषय आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही. पण तिथे लागतो कागद, पावती आणि फोटो. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं.

टाकी वापरताना

टाकीत ॲसिड, फिनाईल भरमसाट ओतू नका, मैला कुजवणारे जंतू त्याने मरतात. पॅड, डायपर, प्लास्टिक कधीच टाकू नका. दोन-तीन वर्षांनी गाडी बोलावून उपसा करा. मैला उपसण्यासाठी १४४२० हा हेल्पलाइन क्रमांक आहे. आपल्या नगरपालिकेतही चौकशी करा. गाडीवाला मैला नाल्यात किंवा शेतात रिकामा करणार असेल तर त्यालाही विचारा, कारण तो नाला पुढे कुठल्यातरी वस्तीजवळूनच जातो.

झाकण उघडं असताना जवळ बिडी-काडी पेटवू नका, आत पेट घेणारा वायूही असतो. वाकून आत पाहू नका. आणि कुणी आत पडलंच तर काळीज कितीही तुटलं तरी मागे उतरू नका. अग्निशमन दलाला १०१ वर आणि रुग्णवाहिकेला १०८ वर फोन करा. सगळी झाकणं उघडा आणि दोर सोडा.

कापून भिंतीवर लावा

१. ही टाकी कोण आणि कशी उपसणार? माणूस उतरवणार असाल तर काम देणार नाही.
२. गाडीचा पाइप टाकीपर्यंत पोचतो का?
३. घरात माणसं किती आणि टाकीचं माप किती?
४. तळ पक्का आहे का? फोटो काढला का?
५. दोन कप्पे, दोन टी आहेत का?
६. विहीर, हातपंप साठ फूट दूर आहे का? शेजाऱ्याचाही?
७. शोषखड्ड्याच्या जागी पाणी जिरवून पाहिलं का?
८. स्लॅब जमिनीवर ओतून ठेवणार ना?
९. झाकणाआधी चोवीस तास पाण्याची परीक्षा झाली का?
१०. कागदावर सह्या झाल्या का? शेवटचा हप्ता हातात आहे का?

हे दहा प्रश्न येत्या पौर्णिमेला विहारात वाचून दाखवा. वस्तीत पुढच्या महिन्यात कुणाचा संडास निघणार ते विचारा आणि त्या घरी झाकण बसण्याच्या दिवशी दोघी जणी जाऊन उभ्या राहा. आमच्या वस्तीत आता हा रिवाज झाला आहे. ठेकेदार पहिल्यांदा चिडले, मग सावरले. आता काही जण स्वतःच निरोप पाठवतात : "ताई, उद्या पाणी भरतो, पाहून जा."

आमची टाकी आम्ही नवीन बांधून घेतली. या वर्षी तिचा उपसा करायचा आहे. गाडी येईल, पाइप लागेल, झाकण पुन्हा बसेल, आणि कुणीही आत उतरणार नाही.

जयभीम.